काच, खोकी आणि आईची खोली

२ नोव्हेंबर, सकाळ

नवी वही सुरू. जुन्या वहीत निश्चयच इतके झाले होते की नव्या निश्चयाला पान उरलं नव्हतं.

तर निश्चय: मागची खोली रिकामी करणे. मुदत महिनाअखेर. खरं तर एक रविवार पुरे, पण माणसाने सवड ठेवावी.

कारण आई येतेय. पाहुणी म्हणून नाही, कायमची. दादाने मोठं घर विकलं, आता लहान फ्लॅट, वरचा मजला, लिफ्ट नाही. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिच्यापुढे जिन्याचं नाव काढायची सोय नाही. आमची मागची खोली तळमजल्यावर, बाथरूम चिकटून, दुपारी ऊन. दादाचा फोन आला तेव्हा एका वाक्यात सांगून टाकलं, घेऊन ये, खोली तयारच आहे. बायको शेजारी गाजर चिरत होती. तिची सुरी थांबली. मग पुन्हा सुरू झाली, जरा जोरात.

खोली तयारच आहे. तिच्यात फक्त माझा संग्रह आहे.

३ नोव्हेंबर

संग्रहाची बाजू एकदा लिहून ठेवतो. घरात ती कुणी ऐकून घेत नाही.

नाताळच्या झाडाला टांगायच्या काचेच्या वस्तू. बाजारातले साधे गोळे नव्हेत. तोंडाने फुंकलेल्या, हाताने रंगवलेल्या, लिमिटेड एडिशन. पाणबुडीतला सांता. छत्रीवालं अस्वल. मफलर विणणारी बदकीण. कंपनी दर वर्षी नवी मालिका काढते आणि जुनीचे साचे फोडून टाकते, असं कॅटलॉगमध्ये म्हटलंय. माझा एकूण एक पीस मूळ खोक्यात, सील न तोडलेला. खऱ्या संग्राहकाचा हाच नियम. सील तुटलं की पीस बाटला. त्यामुळे यातले बहुतेक पीस मी स्वतःही पाहिलेले नाहीत.

बायको विचारते, मग आत काही आहे हे कशावरून? मी म्हणालो, हलवून पाहिलं की कळतं. ती म्हणाली, काच, आणि हलवून?

तिला काचेतलं कळत नाही. मी चष्म्याच्या दुकानात उभं आयुष्य काढलं, काच माझ्या रक्तात आहे. बायको म्हणते, तुझ्या दुकानात गेली कित्येक वर्षं सगळं प्लास्टिक आहे. तो मुद्दा वेगळा.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळीच खोलीकडे निघालो. आधी मापं घ्यावीत म्हणून टेप शोधला. टेप सापडेपर्यंत दुपार. टेपखाली यंदाचा कॅटलॉग सापडला.

नवी मालिका: हिवाळी आगगाडी. इंजिन, मग डबे. प्रत्येक डब्याच्या खिडकीत वेगळा प्राणी. धुराड्यातून काचेचाच धूर निघालेला, केसासारखा बारीक.

घेणार नाही. नुसतं पाहिलं. पाहायला जागा लागत नाही.

११ नोव्हेंबर

इंजिन मागवलं. एकच. इंजिनाला अशी कितीशी जागा लागते.

बायकोला सांगितलं नाही. ती नर्स आहे, वॉर्डात सध्या गर्दी, उगीच तिच्या डोक्याला ताप.

१२ नोव्हेंबर

डब्यांशिवाय इंजिन म्हणजे बिनशेपटीचं माकड. डबेही सांगून टाकले. यानंतर एकही नाही. हे वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली.

१६ नोव्हेंबर

क्लबची बैठक, अध्यक्षीणबाईंच्या घरी. या पूर्वी संगीत शिकवायच्या, आता पूर्ण वेळ काच. मी मोठ्या मनाने गेलो होतो. डबल झालेले पीस देऊन टाकायचे, खोली हलकी करायची.

घुबडवाले भेटले. हे फक्त घुबडं जमवतात. त्यांना माझा भला मोठा स्नोमॅन हवा होता, कारण त्याच्या टोपीवर एक घुबड बसलंय. दिला. त्यांनी बदल्यात घंटांचा सेट दिला. एक खोकं गेलं, सहा आली. पण सहाही लहान. घनफळाने पाहिलं तर मी काही मिळवलंच नाही.

अध्यक्षीणबाईंचं घर पाहून मात्र भारावलो. शिस्त म्हणजे किती. सगळ्या खुर्च्यांवर खोकी, त्यामुळे आम्ही चहा उभ्यानेच घेतला. त्यांची बहीण मागच्या वर्षी आली होती, ती हॉटेलात उतरली. बाई म्हणाल्या, तिलाही तेच सोयीचं पडलं. अशी समजूतदार माणसं लाभावी लागतात.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, दिलेस का पीस? म्हणालो, दिला. खरंच दिला होता. पुढचं तिने विचारलं नाही.

२१ नोव्हेंबर, दुकानात, जेवणाच्या सुट्टीत

सुचलं.

पीस मुठीएवढा. खोकं पावाच्या लादीएवढं. म्हणजे माझी खोली काचेने भरलेलीच नाही. ती पुठ्ठ्याने आणि हवेने भरलेली आहे. सगळे पीस बाहेर काढले तर दोन ट्रंकांत मावतील.

सील तोडावी लागतील. काळजावर दगड ठेवावा लागेल. पण आईसाठी माणूस काय करत नाही.

बायकोला फोन केला. ती म्हणाली, खरंच? आवाज असा की मला वाटलं, लग्नानंतर पहिल्यांदाच तिला मी नीट ऐकू आलो.

२३ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर सील तोडली. बायको कात्री घेऊन शेजारी जमिनीवर बसली, रजेच्या दिवशी, न बोलावता.

सांताचा मफलर निळा निघाला. कॅटलॉगमध्ये हिरवा आहे. इतकी वर्षं मी लोकांना हिरवा सांगत होतो. बदकिणीच्या सुयांना खरंच लोकर गुंडाळलीय, काचेची, टोकाशी सैल सुटलेली. बायकोने अस्वल उजेडात धरलं आणि म्हणाली, तुझ्यासारखं दिसतं रे, पाऊस नाही तरी छत्री उघडून उभं. मग हसली. बराच वेळ हसत होती. दुपारचं जेवायचं राहूनच गेलं.

संध्याकाळपर्यंत सगळी काच बाहेर. पलंगावर, टेबलावर, फ्रिजवर, वॉशिंग मशीनवर.

मग बायकोने रिकामी खोकी पायाने दाबून चपटी करायला घेतली. मी झडप घातली. मूळ खोकं म्हणजे पिसाची जन्मपत्रिका. ते टाकून कसं चालेल? बायको म्हणाली, म्हणजे खोकी राहणार? राहणार. आणि काच? काचही राहणार.

ती उठली, गुडघे झटकले आणि म्हणाली, एकाचे दोन कसे होतात ते आज कळलं.

२४ नोव्हेंबर

ओट्याशी उभ्याने जेवलो. पचनाला चांगलं असतं म्हणतात.

ट्रंका आणल्या नाहीत. काचेवर काच ठेवता येत नाही, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

२७ नोव्हेंबर

उत्तर डोळ्यांसमोर होतं आणि मी गावभर शोधत होतो. या वस्तू कशासाठी बनवल्या? टांगायला. टांगलेल्या वस्तूला जमीन लागत नाही. झाड वर वाढतं, आडवं नाही. म्हणजे झाड लावलं की काच हवेत आणि जमीन आईला मोकळी.

घरचं झाड फार लहान. मोठं मागवलं, छतापर्यंतचं. जुनं टाकवत नाही, लग्नानंतर पहिलं घेतलेलं. ते तूर्त बाथरूममध्ये.

३० नोव्हेंबर

मुदत संपली. वाढवून घेतली. आई वीस तारखेला येतेय, मुदत महिनाअखेरची ठेवणं ही मुळातच चूक होती. चूक कळली की सुधारावी.

४ डिसेंबर

झाड परवा आलं. मागच्या खोलीतच उभं केलं. हॉलमध्ये सारखं दार उघडतं, वारा येतो, आणि काचेला वारा चालत नाही. खोकी मागच्या भिंतीशी छतापर्यंत रचली, त्यांच्यापुढे झाड. मग काच टांगली. दोन दिवस रजा घेऊन.

झाड वर वाढतं ते खरं. पण खालच्या फांद्या आडव्याच असतात. हे कॅटलॉगच्या फोटोत कळत नाही, फोटो समोरून काढलेला असतो.

तरी काय रूप आलं. दारात उभं राहून पाहिलं तर वाटतं, आपलंच घर आहे का हे. बायकोला बोलावलं. ती म्हणाली, सुंदर आहे. खरंच म्हणाली, टोमणा नव्हता. मग म्हणाली, आई कुठे झोपणार?

६ डिसेंबर

मापं घेतली. पलंग बसत नाही. फोल्डिंगची खाट बसते, झाड आणि खोकी यांच्या मध्ये, जरा तिरकी घातली तर.

आई तशी बारीकच आहे. ऑपरेशननंतर आणखी उतरलीय. हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ती तुझी आई आहे, छत्री नाही, मिटून कोपऱ्यात उभी करायला.

नर्सेसचं बोलणं असंच. सतत रुग्णांशी संबंध.

१० डिसेंबर

बायकोचं म्हणणं, झाड हॉलमध्ये हलव. तत्त्वतः मान्य केलं. संसारात तत्त्वतः मान्य करण्याला फार महत्त्व आहे.

प्रत्यक्षात असं: लगडलेलं झाड दारातून जात नाही. म्हणून आधी काच उतरवायला हवी. उतरवलेली काच खोक्यांत ठेवायला हवी. खोकी झाडाच्या मागे. खोकी काढायची तर आधी झाड हलवायला हवं.

हे मी बायकोला कागदावर आकृती काढून समजावलं. तिने आकृती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, मग तोच कागद उलटा करून त्यावर वॉर्डातल्या पाळ्या लिहिल्या.

१४ डिसेंबर

आगगाडी आली, इंजिन आणि डबे. काय सांगू. दुसऱ्या डब्याच्या खिडकीत उंट आहे आणि त्याला झोप लागलीय. जागा नव्हती म्हणून खाटेच्या डोक्याशी टांगले, ओळीने. आईला पडल्या पडल्या प्रवासाचा आनंद.

दादाचा फोन. खोली झाली का? मी फोटो पाठवला. दारातून, जरा वाकून, खिडकीचं ऊन काचेवर येईल अशा बेताने. दादाने तो आईला दाखवला. आईने चष्मा लावून पाहिला म्हणे आणि शेजारच्या काकूंना बोलावून सांगितलं, माझ्या छोट्याने बघा माझ्यासाठी खोली कशी सजवलीय.

पन्नाशी उलटली तरी मी छोट्याच. पण ऐकून बरं वाटलं. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, फोटोत खाट आलीय का? मी म्हणालो, फोटो खोलीचा होता, खाटेचा नव्हता.

१९ डिसेंबर

उद्या आई. खाटेवर नवी चादर घातली. घालताना एक घंटा फुटली. सहातली एक. बदलून आलेला माल, जीव लावला नव्हता. तरी तुकडे संध्याकाळपर्यंत टाकवले नाहीत.

२० डिसेंबर

आई आली. काठी, एक बॅग आणि स्वतःची उशी. दादाने बॅग उचलून मागच्या खोलीपर्यंत नेली, दारात थांबला, आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, छान आहे रे. बॅग हॉलमध्येच ठेवली. चहा पटकन संपवला. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला, जसा तो मी गणितात नापास झालो की ठेवायचा.

आई दारात उभी राहून बघत राहिली. विचारलं, ही खोली कुणाची? म्हटलं, तुझी. ती म्हणाली, माझी? बोट पुढे केलं, बदकिणीला लावावं म्हणून, आणि अर्ध्यातून मागे घेतलं.

२१ डिसेंबर, सकाळ

आईला विचारलं, झोप लागली का? म्हणाली, छान. रात्रभर हललेच नाही.

ऐकलंस का, असं बायकोला मुद्दाम म्हटलं. दादाकडे आई रात्री चारदा उठायची. इथे एकदाही कूस बदलली नाही. वातावरणाचा परिणाम.

बायकोने चहाचा कप खाली ठेवला. आईला म्हणाली, आई, तुम्हाला ऑपरेशनच्या बाजूवर सारखं पडून राहायचं नाही ना? आई म्हणाली, अगं, पण त्याचं काही फुटायला नको.

माझ्या संग्रहाची इतकी कदर या घरात पहिल्यांदाच कुणी केली.

२२ डिसेंबर

आई दिवसभर हॉलमध्ये बसते. डुलकीही सोफ्यावरच काढते. म्हणते, इथे रस्ता दिसतो. गंमत वाटली. खोलीत अख्खी आगगाडी आहे आणि हिला रस्ता हवा.

रात्री बायको कामावरून आली आणि काठीला अडखळली. काठी खोलीच्या दाराबाहेर, भिंतीला टेकवून ठेवलेली. बायकोने आईला विचारलं, काठी इथे का? आई म्हणाली, आत नेली तर लागेल कशाला तरी. मग आत कशा जाता? आई म्हणाली, अगं, जाते हळूहळू. भिंत आहे की.

भिंत नाही. तिथे खोकी आहेत.

बायको माझ्याशी एक शब्द बोलली नाही. ओरडली असती तर उत्तर होतं माझ्याकडे.

२३ डिसेंबर

बायको बोलली. म्हणाली, आज झाड निघेल. मी म्हणालो, नाताळ परवावर आला, आता काढून पुन्हा लावायचं म्हणजे घाईत फूटतूट. सत्तावीस तारखेला काढतो, तुझी शपथ. आईने माझी बाजू घेतली. राहू दे गं, म्हणाली, हौसेचं असतं.

दुपारी मावशी आली, आईची धाकटी बहीण. एक खोली आणि स्वयंपाकघर एवढ्यात राहते, आवाज मात्र बंगल्याचा. मागच्या खोलीत डोकावली आणि म्हणाली, अगं ताई, तू काय दुकानाच्या खिडकीत झोपतेस? आई हसली. मी पण हसलो. मावशी हसत नव्हती. म्हणाली, सण होईस्तोवर चल माझ्याकडे, दोन दिवस. आई म्हणाली, छोट्याला वाईट वाटेल. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

म्हणालो, जा की. तेवढाच तुला बदल.

जाताना आई रिक्षापर्यंत काठी टेकत भराभर चालली. खुबा सुधारतोय. इथली हवा मानवली.

२५ डिसेंबर

क्लबचे सभासद झाड पाहायला आले. महिनाभर याच क्षणाची वाट पाहिली होती. दार उघडलं आणि बाजूला झालो.

सगळे दारातच थबकले. शेवटी घुबडवाले म्हणाले, उघडलेत? सगळे? मी म्हणालो, हो, आईसाठी. त्यांनी मान खाली घातली. अध्यक्षीणबाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, धीर धरा. मग सगळे हॉलमध्ये जाऊन हळू आवाजात बोलत बसले. माझ्यासाठी एकाने पाणी आणलं.

बायको मावशीकडे जेवायला गेली होती. मलाही बोलावलं होतं. पण घरी माणसं येणार म्हटल्यावर यजमानाने कसं जायचं? माणसं लवकर गेली. मग मी सूप गरम केलं.

२६ डिसेंबर, सकाळ

बायको म्हणाली, आईची बॅग भरायची आहे. त्या मावशींकडेच राहणार आहेत.

मी म्हणालो, दोन दिवस ठरलं होतं. ती म्हणाली, त्यांचं ठरलंय, काल जेवताना. मी म्हणालो, अगं, एका खोलीत दोन म्हाताऱ्या? इथे एवढं घर असताना? लोक काय म्हणतील. ती म्हणाली, तिथे दोन पलंग आहेत आणि मध्ये जमीन आहे. त्या कूस बदलतात तिथे.

खाटेवर भरपूर जागा आहे, म्हणालो. तुला दाखवतो. तिने बॅग बंद केली. म्हणाली, दाखव, पण मी उशी पोचवून येते आधी.

२६ डिसेंबर, संध्याकाळ

ती गेल्यावर खाटेवर आडवा झालो. तिला परतल्यावर ऐसपैस झोपलेला दिसावा म्हणून.

डाव्या अंगावर वळलो, फांदी कानात. उजव्या अंगावर वळलो, कोपर खोक्यांना लागलं, वरचा सगळा मनोरा हलला आणि झाडात कुठेतरी किणकिण झाली. थांबलो. श्वासही अर्धाच घेतला. किणकिण थांबली. मग लक्षात आलं की आता उठायचं कसं. उठायचं तर आधी कुशीवर यावं लागतं. हे मला माहीत नव्हतं. रोज उठतो, कधी लक्ष दिलं नव्हतं.

आई कशी उठत असेल?

पडून राहिलो. वर पाहिलं. दारातून जे दिसतं त्यातलं इथून काही दिसत नाही. पाणबुडीचं बूड दिसतं. अस्वलाचे तळवे. बदकिणीचं पोट. खालच्या बाजूला रंगच दिलेला नाही, नुसती काच आणि कंपनीचा छाप. उंटाचा डबा बरोबर डोळ्यांवर, पण उंट नाही दिसत, चाकं दिसतात. तोंडं सगळ्यांची दाराकडे. मीच तशी लावलीत, येणाऱ्याला दिसावीत म्हणून.

बायको परत आली तेव्हा अंधारलं होतं. तिने दिवा लावला. पायथ्याकडून खाट धरून हळूहळू ओढली, मला तिच्यावर ठेवूनच, स्ट्रेचर ओढतात तशी. तिला सवय आहे.

२८ डिसेंबर, रविवार, दुपार

काल आणि आज. झाड हॉलमध्ये. काच अर्धी झाडावर, उरलेली बायकोच्या टॉवेलांत आणि माझ्या मोज्यांत गुंडाळून काल आणलेल्या ट्रंकेत. मोज्यात अस्वल नेमकं बसतं.

खोकी फाडली. पहिलं फाडायला फार वेळ लागला. बायकोने मध्येच विचारलं, मी फाडू का? म्हणालो, नको. मग हात बसला. एकच ठेवलं, बदकिणीचं. त्यात चार्जर वगैरे राहतील.

पलंग लावला, भिंतीपासून सुटा, दोन्ही बाजूंनी उतरता येईल असा. जमिनीवर ऊन आलं. फरशी हिरवट आहे, विसरलो होतो.

आईला फोन केला. मावशीने उचलला, पलीकडे बायकांचा हसण्याचा गलका. आईला म्हटलं, खोली रिकामी केली. पूर्ण. उद्या न्यायला येतो.

आई म्हणाली, उद्या जमायचं नाही रे. उद्या आमचा पत्त्यांचा अड्डा आहे, मावशीच्या मैत्रिणी येतात, मी चौथी आहे. मग परवा? परवा त्या सगळ्या सिनेमाला चालल्यात. मावशी मागून ओरडत होती, ताई, फोन ठेव, डाव तुझा आहे.

म्हणालो, आई, आता काठी घेऊन फिरता येतं आत. मी फिरून पाहिलंय, तुझ्यासारखी काठी घेऊन.

पत्ते पिसल्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, येईन रे छोट्या. पुढच्या महिन्यात येईन, दोन दिवस राहायला.

विचारलं, नक्की ना?

म्हणाली, मावशीला विचारून सांगते.